एकट्याने सॉफ्टवेअर विकायचं, तर आधी काय ठरवायचं?

प्रश्न: दादा, मी फर्मागुडीच्या कॉलेजातून इंजिनीअर झालो, आता पर्वरीच्या एका आयटी कंपनीत आहे. शनिवार-रविवारी बसून गेस्टहाउससाठी बुकिंग, बिल आणि पाहुण्यांची नोंद ठेवणारं सॉफ्टवेअर तयार केलंय. मोरजी-मांद्रे भागातली तीन गेस्टहाउसं ते फुकट वापरतात. नोकरी सोडून हेच करावं का? मोबाइल ॲप करू की वेब? पैसे एकदाच घेऊ की दरवर्षी? मराठी-कोंकणी ठेवू का? कोड खुला (ओपन सोर्स) करू का? भागीदार घेऊ का? आणि नावाची नोंदणी आत्ताच करून ठेवावी का?

उत्तर: सगळे प्रश्न रास्त आहेत, पण त्यांच्या मुळाशी जो प्रश्न आहे तो तू विचारलेला नाहीस. डिसेंबरच्या शेवटच्या आठवड्यात रात्री अकरा वाजता हरमलहून गेस्टहाउसवाल्याचा फोन येणार की बिल निघत नाही आणि पाहुणा बॅग घेऊन उभा आहे. तो फोन कोण घेणार? तूच. मी फोंड्यातून देवस्थानांना पावत्या आणि हिशेबाचं सॉफ्टवेअर विकतो, बरीच वर्षं, एकटाच. कोड लिहिणं हा या धंद्यातला स्वस्त भाग आहे, आणि एआय आल्यापासून तो आणखी स्वस्त झालाय. महाग आहेत ते तुझे नंतरचे तास. म्हणून खालचा प्रत्येक निर्णय मी एकाच हिशेबाने सांगतो: याने फोन वाढतील की कमी होतील?

आधी पैशांचं. ते तिघं फुकट वापरतात म्हणजे त्यांना ते आवडलंय असा अर्थ काढू नकोस. फुकटात वापरणारा तक्रार करत नाही. त्याला काही अडलं की तो गुपचूप वहीकडे परत जातो आणि तुला पत्ताही लागत नाही. पैसे मोजलेला माणूस भांडतो, आणि त्याच्या भांडणातून तुला कळतं की नेमकं काय मोडलंय. तेव्हा या हंगामाआधी तिघांकडेही पैसे माग. एक जण 'मागीर पळोवया' (नंतर बघू) म्हणेल. आपल्याकडे त्याचा अर्थ 'नाही' असाच असतो, तो समजून घे.

किती मागायचे? वर्षाला ६,००० रुपये धरलेस आणि महिन्याला ५०,००० घरी न्यायचे म्हटलं, तर वर्षाचे ६ लाख झाले. सर्व्हर, एसएमएस, पेट्रोल, लॅपटॉप असं धरून ८ लाख म्हण. म्हणजे १३३ गेस्टहाउसं. हंगामात प्रत्येकाने महिन्यातून दोनदाच फोन केला तरी रोजचे नऊ फोन झाले, मग नवीन काम करणार केव्हा? तेच दर १२,००० ठेवलास तर ६७ गेस्टहाउसं पुरतात. मालकाच्या बाजूनेही हिशेब बसतो. बुकिंगच्या साइट्स पंधरा टक्क्यांच्या आसपास कमिशन घेतात. खोलीचा दर २,००० असेल तर रात्रीमागे ३०० गेले. तुझ्या सॉफ्टवेअरमुळे जुने पाहुणे थेट फोन करून वर्षात चाळीस रात्री राहिले की १२,००० वसूल. हे गणित त्याच्यासमोर त्याच्याच वहीवर मांड.

एकदाच पैसे घेऊन मोकळं होण्याच्या भानगडीत पडू नकोस. एकदा घेतलेले पैसे वर्षभरात संपतात, पण फोन दहा वर्षं येत राहतात. दरमहाही नको. जून ते सप्टेंबर खोल्या रिकाम्या असतात आणि जुलैत गेलेला प्रत्येक रुपया मालकाला खुपतो, म्हणून पावसाळ्यात तो बंद करायला सांगणार. वार्षिकच ठेव आणि नूतनीकरणाची तारीख जानेवारीत आण. तेव्हा त्याच्या हातात पैसा असतो आणि तुझ्या सॉफ्टवेअरशिवाय त्याचं पानही हलत नसतं. (थोडं चतुर आहे, पण लबाडी नाही.) खात्यातून आपोआप पैसे वळते करण्याची यंत्रणा सुरुवातीला बांधूच नकोस. ऑक्टोबर २०२१ पासून रिझर्व्ह बँकेच्या नियमांप्रमाणे अशा वळत्यांआधी ग्राहकाला २४ तास अगोदर सूचना द्यावी लागते, आता १५,००० रुपयांच्या वर गेलं की दर वेळी ओटीपीही लागतो, आणि फसलेला प्रत्येक व्यवहार म्हणजे एक फोन. साठ-सत्तर ग्राहकांसाठी यूपीआयचा क्यूआर पाठव, पैसे आले की पावती पाठव. पुरे आहे.

जीएसटीचा एक बारकावा इथे फार महत्त्वाचा आहे. सेवा विकणाऱ्याला वर्षाची उलाढाल २० लाखांच्या पुढे गेल्याशिवाय नोंदणी बंधनकारक नाही, आणि सेवेच्या बाबतीत ही सवलत दुसऱ्या राज्यात विकलं तरी मिळते. सॉफ्टवेअरवर १८ टक्के लागतो. मोठं हॉटेल ते १८ टक्के आपल्या करातून वळतं करून घेतं, त्याला काही वाटत नाही. पण २२ सप्टेंबर २०२५ पासून ७,५०० रुपयांपर्यंतच्या खोलीवर ५ टक्के कर झाला आणि त्यासोबत इनपुट क्रेडिट, म्हणजे खरेदीवर भरलेला कर वळता करण्याची सोय, गेलं. म्हणजे तुझ्या मोरजीच्या ग्राहकासाठी ते १८ टक्के सरळ खिशातून जाणार. तेव्हा उगाच 'कंपनीसारखं दिसावं' म्हणून आधीच नोंदणी करून स्वतःचा माल महाग करू नकोस. तुझ्या सीएला विचार, पण त्याला हे सगळं सांगून विचार.

त्याच बदलातून कोडाचाही धडा घे. ३ सप्टेंबरला जीएसटी परिषदेने जाहीर केलं आणि २२ तारखेला लागू. चवथीची माटोळी (गणपतीवर बांधतात ती फळापानांची आरास) उतरते न उतरते तोच सगळ्यांची बिलं बदलायची होती. ज्यांनी १२ टक्के हा आकडा कोडात जागोजागी लिहून ठेवला होता, त्यांचं काय झालं असेल याची कल्पना कर. कराचा दर, खोलीच्या भाड्याची मर्यादा, 'या तारखेपासून' आणि 'या तारखेपर्यंत' हे सगळं तक्त्यात असायला हवं. जुनं बिल पुन्हा छापलं तर त्यावर जुनाच दर यायला हवा. १८ जुलै २०२२ ला हजार रुपयांखालच्या खोल्यांची करमाफी गेली तेव्हाही हेच झालं होतं. पुढेही होणार.

आता वेब की ॲप. वेब. तुझा गेस्टहाउसवाला मोबाइलवरच काम करणार हे खरं, पण ब्राउझरमधून होमस्क्रीनवर ठेवता येईल असं वेब ॲप त्याला पुरतं. प्ले स्टोअरवर जायचं तर २५ डॉलर एकदाच, ते काही नाही. पण नोव्हेंबर २०२३ नंतर उघडलेल्या वैयक्तिक खात्याला आधी बारा जणांकडून सलग चौदा दिवस चाचणी करून घ्यावी लागते, मग परवानगी. ॲपलचे दरवर्षी ९९ डॉलर वेगळे. मुख्य त्रास याहून वेगळा आहे: चूक सापडल्यावर वेबवर दहा मिनिटांत दुरुस्ती होते, ॲपमध्ये तपासणी होईपर्यंत थांबायचं आणि मग प्रत्येकाला 'अपडेट करा हो' म्हणून फोन करायचा.

मात्र ते वेब ॲप नेटवर्क नसताना चाललं पाहिजे. पेडण्यात पावसाळ्यात वीज आणि नेट दोन्ही एकदम जातात, आणि पाहुणा नेमका तेव्हाच निघतो. नोंद आधी फोनमध्येच साठव, नेट आलं की वर पाठव, आणि दोन फोनवरून एकच खोली बुक झाली तर कोणाची नोंद खरी धरायची हे आधीच ठरव. हा तुझ्या सॉफ्टवेअरचा सगळ्यात अवघड भाग असेल. बाकी तंत्रज्ञान जितकं जुनं आणि कंटाळवाणं तितकं बरं. एसक्यूलाइट ही माहिती साठवायची डेटाबेस प्रणाली २००० सालापासून आहे, ती चालवणारी माणसं हाताच्या बोटांवर मोजण्याइतकी आहेत आणि त्यांनी २०५० पर्यंत साथ देण्याचं जाहीर केलंय. याउलट वेब ॲप बांधायचं साधन अँग्युलरजेएस घे. एके काळी सगळे त्याच्यावर तुटून पडले होते आणि २०२१ अखेर त्याचा आधार संपला. मोठ्या कंपनीत पुन्हा लिहायला माणसं असतात, तुझ्याकडे रविवार असतो. म्हापशाच्या बाजारात अजून फॉक्सप्रो या जुन्या डेटाबेसमधली बिलं निघताना दिसतात. मी त्यांना हसत नाही, ज्याने लिहिलं त्याचं कौतुक करतो.

भाषेबद्दल विचारलंस ते बरं केलंस, कारण बाहेरचे मोठे विक्रेते इथेच कमी पडतात. पण 'मराठी ठेवू का' हा निर्णय वाटतो तितका एका ओळीचा नाही. पहिली गोष्ट, छपाई. ५८ किंवा ८० मिलिमीटर रोलचे बहुतेक स्वस्त थर्मल प्रिंटर देवनागरी मजकूर समजतच नाहीत. अक्षरांऐवजी कचरा छापतात. पावती आधी चित्र म्हणून तयार करायची आणि ते चित्र प्रिंटरला पाठवायचं, हाच मार्ग. पीडीएफचंही तसंच. पुष्कळ लायब्ऱ्या जोडाक्षरं मोडतात, ऱ्हस्व वेलांटी अक्षराआधी ठेवायची ती अक्षरानंतर नेऊन टाकतात. ग्राहकाला दाखवण्याआधी 'श्री', 'कुऱ्हाड', 'ट्रिप' असे चार शब्द छापून बघ.

दुसरी गोष्ट, शोध. 'ॲग्नेलो' हे नाव दोन प्रकारे टाइप होतं. 'ॲ' हे एकच अक्षर म्हणून, जे युनिकोडमध्ये २००८ साली आलं, किंवा 'अ' वर चंद्र ठेवून. पडद्यावर दोन्ही सारखी दिसतात, संगणकाला ती वेगळी वाटतात. मग मालक म्हणतो, 'पाहुणा गेल्या वर्षी आला होता, सापडत का नाही?' साठवण्याआधी दोन्ही रूपं एकसारखी करून घे. नावं रोमनमधून देवनागरीत आपोआप बदलायच्या फंदात पडू नकोस. आपल्या गावांची इंग्रजी नावं पोर्तुगीज वळणाने लिहिलेली आहेत. त्या स्पेलिंगवरून कुठलाही प्रोग्रॅम 'साखळी' किंवा 'डिचोली' काढू शकत नाही. दोन रकाने ठेव, रोमन आणि देवनागरी, आणि दोन्हीत शोधू दे.

तिसरी, एसएमएस. इंग्रजी संदेशात १६० अक्षरं बसतात, देवनागरीत ७०. म्हणजे तोच निरोप मराठीत पाठवला की दोन-तीन संदेशांचे पैसे जातात, शिवाय ट्राय या दूरसंचार नियामकाच्या नियमांप्रमाणे संदेशाचा प्रत्येक नमुना आधी डीएलटी या नोंदणी यंत्रणेवर नोंदवावा लागतो. पाहुण्यांना इंग्रजीतच पाठव. मालक आणि खोल्या साफ करणारी माणसं जो पडदा बघतात, तो मात्र मराठी-कोंकणीत ठेव. तिथे भाषेने खरंच फोन कमी होतात. आमच्याकडे देवस्थानच्या काउंटरवरचा माणूस इंग्रजी पडद्यासमोर बिचकायचा, देवनागरी पडद्यावर पहिल्या दिवसापासून स्वतःच शिकला.

परदेशी पाहुण्यांचा सी फॉर्म, म्हणजे पाहुणा उतरल्याची सरकारला द्यायची माहिती. पाहुणा आल्यापासून २४ तासांत तो ऑनलाइन भरायचा असतो आणि मालकाला याचीच सगळ्यात जास्त धास्ती असते. साहजिकच तुला वाटेल की सरकारी साइटवर आपोआप भरणारा प्रोग्रॅम लिहावा. लिहू नकोस. साइटचं एक बटण हललं की तुझं काम बंद, आणि फॉर्म गेला नाही तर पोलिसांसमोर मालक तुझं नाव घेणार. माहिती गोळा कर, फॉर्मच्या क्रमाने मांडून दे, तासांची आठवण कर, आणि भरल्याचा क्रमांक मालकाकडून लिहून घे. पासपोर्टचे फोटो आज सगळे जण व्हॉट्सॲपवर फिरवतात. तुझ्या सर्व्हरवर ते आले की २०२३ च्या वैयक्तिक डेटा संरक्षण कायद्याची जबाबदारीही येणार. लागेल तेवढेच दिवस ठेव, मग पुसून टाक, आणि पुसतोस हे विकताना सांग.

तसंच 'सगळ्या बुकिंग साइट्सशी जोडून दे' ही मागणी पहिल्याच भेटीत येईल. थेट जोडणीसाठी त्या साइट्सची मान्यता लागते, आणि ती एकट्या माणसाला सहज मिळत नाही. आयकॅल या कॅलेंडर देवाणघेवाणीच्या फाइलने तारखा जुळतात, पण लगेच नाही. मधल्या वेळात एकच खोली दोघांना जाऊ शकते. आयकॅल घे, पण 'शेवटचं कधी जुळलं' ती वेळ ठळक दाखव आणि 'दुहेरी बुकिंग होणारच नाही' असं आश्वासन चुकूनही देऊ नकोस.

मागण्यांवरून सांगतो. प्रत्येक देवस्थान मला म्हणतं, 'आमचं वेगळं आहे.' आणि ते खरंही असतं: कुठे महाजनांची (देवस्थानच्या वंशपरंपरागत सभासदांची) वर्गणी वेगळी, कुठे पालखीची पावती यजमानाच्या नावाने, कुठे जत्रेच्या दिवसांत अभिषेकाचे दर निराळे. प्रत्येकासाठी कोडाची वेगळी प्रत काढली असती तर मी कधीच बुडालो असतो. पण सगळ्यांच्या मागे १९३३ सालची पोर्तुगीज काळातली महाजनीची नियमावली आहे, आणि हिशेब मामलेदाराला दाखवायचे असतात. म्हणून माझा नियम साधा आहे: कायद्याने जे सगळ्यांना सारखं, ते गाभ्यात, रीतीने जे वेगळं, ते सेटिंगमध्ये, आणि एकालाच हवं असलेलं, ते नाहीच. तुझ्या बाबतीत बिल, कर, सी फॉर्म, पर्यटन खात्याला दाखवायची नोंदवही हा गाभा. नाश्त्याचे दर, स्कूटरचं भाडं, आगाऊ रक्कम या सेटिंग. आणि 'माझ्या भावाच्या शॅकचाही हिशेब यातच घाल' याला हसून नाही म्हण. याने एखादा ग्राहक जाईल. जाऊ दे.

कोड खुला करायचा का? तुझ्या ग्राहकाला कोडाशी देणंघेणं नाही. त्याला भीती वेगळीच आहे: हा मुलगा उद्या बेंगळुरूला गेला तर माझा डेटा कुठे जाणार? त्याचं उत्तर म्हणजे एका बटणावर सगळा डेटा एक्सेलमध्ये, आणि बंद करणार असलास तर सहा महिने आधी सांगशील असं लेखी. पूर्ण कोड खुला केलास तर तो चालवणारे पन्नास जण तुला प्रश्न विचारतील आणि पैसे कोणीच देणार नाही. पुढे पश्चात्ताप झाला तर माघारही सोपी नाही. टेराफॉर्म या खुल्या सॉफ्टवेअरने ऑगस्ट २०२३ मध्ये परवाना बदलला आणि बघता बघता ओपनटोफू ही वेगळी शाखा उभी राहिली. देवनागरी थर्मल छपाईचा तुकडा मात्र कोणालाही मोकळेपणाने वापरू देणाऱ्या एमआयटी परवान्याखाली जरूर खुला कर. तो सगळ्यांना लागतो, आणि त्याने तुझं काही जात नाही.

पण त्याआधी तो कोड तुझाच आहे का, हे बघ. कॉपीराइट कायद्याच्या कलम १७ प्रमाणे नोकरीच्या कामात लिहिलेल्या गोष्टीचा पहिला मालक नोकरी देणारा असतो, आणि बऱ्याच आयटी कंपन्यांचे करार त्याहूनही पुढे जातात. तुझं नेमणूकपत्र आज रात्री काढून वाच. कंपनीच्या लॅपटॉपवर एक ओळही लिहू नकोस. उलट बाजूने, तू कोणा फ्रीलान्सरकडून काही करून घेतलंस तर हस्तांतरण लेखी घे आणि त्यात मुदत लिही. मुदत लिहिली नाही तर कायद्याने ती पाच वर्षंच धरली जाते.

गोव्याचा बाजार केवढा? २०११ च्या जनगणनेत आपण साडेचौदा लाख. एकाच धंद्यावर अवलंबून राहिल्याचं काय होतं ते डिचोली-सत्तरीत विचार. २०१२ च्या सप्टेंबर-ऑक्टोबरात खाणी थांबल्या, मग सुरू झाल्या, मार्च २०१८ मध्ये पुन्हा थांबल्या. ट्रकच्या फेऱ्यांचा हिशेब ठेवणारं उत्तम सॉफ्टवेअर असतं तरी त्याचं काय झालं असतं? पर्यटनालाही मार्च २०२० चा लॉकडाउन आठवतोय. तेव्हा पुढचं पाऊल गोव्यातल्या दुसऱ्या धंद्यात नको, तेच उत्पादन पुढच्या किनाऱ्यावर ने: वेंगुर्ले, मालवण. सिंधुदुर्ग १९९७ पासून पर्यटन जिल्हा आहे, निवास-न्याहारीवाली घरं आहेत, भाषा आपली आहे आणि पावसाळाही तसाच आहे. सरकारी स्टार्टअप योजना आहेत, अर्ज जरूर कर. पण त्या पैशावर महिन्याचा खर्च आखू नकोस.

नोकरी आत्ता सोडू नकोस. ग्राहक किती आले यावर ते ठरवू नकोस, कितींनी दुसऱ्या वर्षीचे पैसे न कुरकुरता दिले यावर ठरव. पहिल्या वर्षी लोक ओळखीखातर देतात, दुसऱ्या वर्षी कामाखातर. असे वीस-पंचवीस झाले आणि घरी वर्षभराचा खर्च बाजूला असला, तर पुढच्या पावसाळ्यात सोड. हंगामाच्या तोंडावर कधीच नाही.

भागीदार घ्यायचा तर कोड लिहिणारा दुसरा घेऊ नकोस. तसा तूच आहेस. म्हापशात राहणारा, स्कूटरवरून हरमलला जाऊन प्रिंटर जोडून देणारा, ज्याला गेस्टहाउसवाले नावाने ओळखतात असा कोणी मिळाला तर घे. मिळाला नाही तर हंगामापुरता पगारी ठेव. हिस्सा द्यायचाच असेल तर एक पूर्ण हंगाम एकत्र काम केल्यावरच दे.

राहिलं नावाचं. ट्रेडमार्कचा ऑनलाइन अर्ज वैयक्तिक नावाने केला तर एका वर्गाला ४,५०० रुपये लागतात. तुझ्या कामाला वर्ग ४२ (सॉफ्टवेअर सेवा) आणि ९ (सॉफ्टवेअर) लागू पडतात, आधी ४२ पुरेल. नावात 'गोवा' घालू नकोस, मालवणात विकताना अडचण होईल.